हान येरी, ओनायडा लढवय्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हान येरी कोण होता?

आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी, मोहॉक नदीच्या खोऱ्यात ओरिस्का नावाचं ओनायडा लोकांचं एक छोटं गाव होतं. हान येरी तिथला मुख्य लढवय्या. त्याचं ओनायडा नाव तेवाहांगाराहकेन, आणि कागदोपत्री पुढे चिकटलेलं आडनाव डॉक्स्टेटर. जन्म साधारण १७२४ चा मानतात, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्ध त्याच्या दारात आलं तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला, लाकडी फळ्यांचं पक्कं घर, गोठा, घोडे आणि शेती असलेला खातापिता माणूस होता. हे आधीच सांगायचं कारण असं की चित्रांमध्ये ‘लढवय्या’ म्हटलं की पिसं लावलेला उघडा तरुण दिसतो. हान येरीचं घर आणि त्याच्या जर्मन शेजाऱ्याचं घर लांबून पाहिलं असतं तर कुठलं कोणाचं हे सांगता आलं नसतं.

ओनायडा म्हणजे कोण? हे मोहॉक किंवा इरोक्वॉय लोकांपेक्षा वेगळे का?

वेगळे, पण एकाच महासंघातले. मोहॉक, ओनायडा, ओनोन्डागा, कयुगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांचा जुना संघ होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेतून आलेले टस्करोरा त्यात सामील झाले आणि तो सहा राष्ट्रांचा झाला. फ्रेंच आणि इंग्रज त्यांना इरोक्वॉय म्हणत. ते स्वतःला होडेनोशोनी म्हणवतात. पूर्वेला मोहॉक, त्यांच्या पश्चिमेला ओनायडा, अगदी पश्चिमेला सेनेका. हा नकाशा डोक्यात ठेवा, पुढचं बरंच काही त्यावरच ठरतं.

युद्धकाळात ओनायडा जेमतेम हजार-बाराशे असावेत. एवढ्याशा समाजातले लढू शकणारे पुरुष शे-दोनशे.

तो राजा होता का? सरदार? पाटील?

राजा नक्कीच नाही. ओनायडांमध्ये कुळं तीन: लांडगा, अस्वल आणि कासव. कूळ आईकडून येतं. महासंघाच्या सभेत बसणाऱ्या सॅचेम मंडळींची पदं वंशपरंपरागत, आणि त्या पदांवर कोण बसणार हे कुळातल्या ज्येष्ठ बायका ठरवत. चुकला तर पदावरून उतरवण्याचा अधिकारही त्यांचाच. ओनायडांच्या वाट्याला अशी नऊ पदं होती.

लढाईचं नेतृत्व हा वेगळा मामला. ते कर्तृत्वानं मिळे, आणि ते हुकमी नसे. लांडगा कुळाच्या हान येरीनं ‘चला’ म्हटल्यावर लोक निघत, कारण त्याच्यावर विश्वास होता. एखादा नाही निघाला तर त्याला शिक्षा करण्याची सोय नव्हती. १७७० च्या दशकात सॅचेम आणि लढवय्ये यांच्यात बरीच रस्सीखेच चालू होती, आणि ओनायडांमध्ये लढवय्यांचं पारडं जड होत गेलं.

त्याचे वडील जर्मन होते म्हणतात. मग तो ओनायडा कसा?

वडील खोऱ्यातले जर्मन असावेत असं मानलं जातं. डॉक्स्टेटर हे आडनाव तिथल्या पॅलाटाइन जर्मन घराण्याचं, आणि ‘हान येरी’ हेही ‘हान्स गेओर्ग’सारख्या नावाचं बोलीतलं रूप. पण मूल आईच्या कुळातलं मानणाऱ्या समाजात वडील कोण यानं फारसं बिघडत नाही. ‘अर्धा गोरा’ ही नोंद गोऱ्यांच्या वहीतली.

हे युद्ध इंग्रज आणि वसाहतींचं. ओनायडा त्यात पडलेच कशाला?

पडायचं नव्हतंच. जून १७७५ मध्ये ओनायडांनी कनेक्टिकटच्या गव्हर्नरला कळवलं होतं की हे दोन भावांचं भांडण आहे, आम्ही कोणाकडूनच येणार नाही, आम्हाला मध्ये ओढू नका. दीड-एक वर्ष ते बऱ्यापैकी टिकलं. मग जानेवारी १७७७ मध्ये ओनोन्डागा इथे रोगाच्या साथीत सुमारे नव्वद माणसं मेली, त्यात तीन सॅचेम होते. महासंघाचा मध्यवर्ती अग्नी विझवला गेला. याचा व्यवहारात अर्थ असा की सहा राष्ट्रांनी मिळून एक निर्णय घेण्याची जागाच काही काळ उरली नाही.

आता नकाशा आठवा. सेनेकांचा व्यापार पश्चिमेला नायगाराच्या इंग्रज किल्ल्याशी. मोहॉक इंग्रजांचे इंडियन (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या) खात्याचे सुपरिंटेंडंट विल्यम जॉन्सन यांच्या घराण्याशी नात्यानं बांधलेले. मोहॉक कुळमाता मॉली ब्रँट ही जॉन्सनची सहचारिणी आणि तिचा धाकटा भाऊ जोसेफ ब्रँट हा इंग्रजांचा खंदा साथीदार. ओनायडांचे शेजारी मात्र जर्मन फ्लॅट्स या वस्तीतले शेतकरी. मिठापासून लोखंडापर्यंत देवघेव त्यांच्याशी आणि पुढे स्केनेक्टडी-ऑल्बनी या गावांशी. शिवाय १७६६ पासून त्यांच्यात राहणारा प्रेस्बिटेरियन मिशनरी सॅम्युएल कर्कलंड वसाहतवाल्यांच्या बाजूचा होता.

कर्कलंडनं त्यांना फितवलं असं एक सोपं उत्तर दिलं जातं. मला ते पटत नाही. धर्मोपदेशकाचं वजन होतं हे खरं, पण ओरिस्काच्या माणसाला वाऱ्यावर सोडून द्यायला नायगाराचा इंग्रज कधीही मोकळा होता, आणि शेजारचा जर्मन शेतकरी कुठे जाणार नव्हता. हान येरीनं ‘स्वातंत्र्य’ या कल्पनेपेक्षा शेजार निवडला, असं मला वाटतं.

(जाता जाता: याच वर्षांत इंग्रज इकडे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध लढत होते. १७८२ च्या सालबाईच्या तहानं ते थांबलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही दोन युद्धं एकमेकांना कधी भेटत नाहीत.)

ओरिस्कनीच्या लढाईत नेमकं काय झालं?

ऑगस्ट १७७७. इंग्रज सेनानी सेंट लेजर ओंटॅरिओ सरोवराकडून मोहॉक खोऱ्यात उतरला आणि त्यानं फोर्ट स्टॅनविक्सला वेढा घातला. वसाहतवाले या किल्ल्याला तेव्हा फोर्ट स्कायलर म्हणत. किल्ल्याच्या सुटकेसाठी ट्रायन काउंटीच्या मिलिशियाचा जनरल निकोलस हर्किमर सुमारे ८०० गावकरी-सैनिक घेऊन निघाला. वाटेत ओरिस्कात साठेक ओनायडा त्याला येऊन मिळाले. हान येरी, त्याची बायको आणि मुलगा त्यांत होते.

हर्किमरला घाई करायची नव्हती. किल्ल्यात निरोप पाठवला होता, उत्तरादाखल तोफांचे तीन बार व्हायचे होते, आणि तोवर थांबावं असं त्याचं म्हणणं. पण हाताखालच्या अधिकाऱ्यांनी त्याला भित्रा ठरवलं, सख्खा भाऊ इंग्रजांकडे असल्याचा टोमणाही मारला. म्हातारा चिडला आणि निघाला. इकडे मॉली ब्रँटनं जासूद पाठवून इंग्रजांना आधीच सावध केलं होतं.

६ ऑगस्टच्या सकाळी रस्ता एका खोल घळीत उतरत होता, खाली ओढा आणि दलदल. दोन्ही बाजूंच्या झाडीत सेनेका, मोहॉक आणि इंग्रजनिष्ठ वसाहतवाले दबा धरून बसले होते. रांगेचा मोठा भाग घळीत शिरल्यावर गोळ्या सुटल्या. पिछाडीचे बरेच लोक पळाले. हर्किमरच्या पायाला गोळी लागली, घोडा मेला. त्याला एका झाडाला टेकवून बसवलं आणि तो तिथूनच, चिलीम ओढत, हुकूम देत राहिला. पुढे पाय कापावा लागला आणि दहा दिवसांनी तो गेला.

मध्येच जोराचा वादळी पाऊस आला. ठासणीच्या बंदुका, दारू भिजली की संपलं, म्हणून दोन्हीकडून तासभर लढाई थांबली. या तासात हर्किमरला एक गोष्ट उमगली होती. त्याचा एकेक माणूस एकेका झाडाआड उभा होता. त्यानं बार टाकला की समोरचा योद्धा बंदूक पुन्हा ठासली जाण्याआधी कुऱ्हाड घेऊन झेपावत होता. मग हुकूम सुटला: एका झाडामागे दोघं. एकानं बार टाकायचा, दुसऱ्यानं भरलेली बंदूक तयार ठेवायची.

अखेर सेनेका मागे हटले. याच वेळी किल्ल्यातला अमेरिकी अधिकारी मरायनस विलेट यानं बाहेर पडून शत्रूचे रिकामे तळ लुटले होते, तेव्हा परतलेल्या योद्ध्यांना पांघरायला घोंगडीही उरली नव्हती. हर्किमरच्या तुकडीतली निम्म्याच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. सेनेकांनीही अनेक नामवंत लढवय्ये गमावले. जिंकलं कोण, यावर आजही वाद घालणारे आहेत. मैदान मिलिशियाच्या हाती राहिलं, पण किल्ल्यापर्यंत ती पोचलीच नाही. वेढा उठला तो ऑगस्टच्या शेवटी, अमेरिकी जनरल बेनेडिक्ट अर्नोल्डची मोठी फौज येत असल्याच्या मुद्दाम पसरवलेल्या अफवेनं. त्या अफवेलाही ओनायडांनी हातभार लावला होता.

हान येरीनं त्या दिवशी नऊ जणांना मारलं, हे खरं का?

हा आकडा पेनसिल्व्हेनियातल्या एका वर्तमानपत्रात महिन्याभरात, सप्टेंबर १७७७ मध्ये छापून आला. त्यातली हकीकत अशी: एका मित्रपक्षाच्या इंडियनानं नऊ शत्रू मारले, मनगटातून गोळी आरपार गेल्यावर बंदूक धरता येईना तेव्हा तो टॉमाहॉकनं, म्हणजे छोट्या कुऱ्हाडीनं, लढला, त्याच्या मुलानं दोघांना मारलं, आणि त्याची बायको घोड्यावरून त्याच्या बाजूला पिस्तुलांनी शेवटपर्यंत लढली.

नऊ की सहा, हे धुरानं भरलेल्या घळीत कोण मोजत होतं? रणांगणावरचे आकडे घरी पोचेपर्यंत वाढतात. पण बातमी लढाईनंतर लगेचची आहे आणि मनगटाच्या जखमेसारखा तपशील उगीच सुचणारा नाही. कुटुंब म्हणून ते तिघं तिथे होते आणि लोकांच्या डोळ्यांत भरतील असे लढले, एवढं मी बिनधास्त धरतो.

त्याच्या बायकोबद्दल अधिक सांगा.

तिचं नाव त्योनाजानेगेन. त्याचा अर्थ ‘दोन हंडे एकत्र’ असा सांगतात. नवऱ्याचं मनगट निकामी झाल्यावर ती त्याची बंदूक भरून देत राहिली, अशीही हकीकत आहे. वर सांगितलेला ‘एका झाडामागे दोघं’ हा हुकूम आठवला तर या कामाचं मोल कळतं. ठासणीची बंदूक भरायला दोन धड हात लागतात. दारू ओतायची, गोळी टाकायची, गजानं ठासायची, मग कान्यात दारू. त्या लढाईत माणसं मरत होती ती याच अर्ध्या मिनिटात.

होडेनोशोनी बायका सहसा रणांगणावर उतरत नसत. पण युद्ध करायचं की नाही यात त्यांचा शब्द चाले, आणि मोहिमेवरचा शिधाही त्यांच्याच शेतातला, त्यांच्याच हातचा. त्यामुळे तिला ‘अपवादात्मक वीरांगना’ म्हणून एकटीला बाजूला काढणं मला थोडं खटकतं. ती ज्या समाजातली होती तिथे बाईच्या मताला आधीपासूनच वजन होतं.

त्याचं गाव का जाळलं गेलं?

ओरिस्कनीच्या घळीत सेनेका मेले, आणि मारणाऱ्यांत महासंघातलेच ओनायडा होते. लढाईनंतर लवकरच ओरिस्का जाळलं गेलं. घरं, पिकं, गुरं, सगळं. हान येरीचं पक्कं घरही.

मग ओनायडांनी मोहॉकांच्या कॅनाजोहारी गावावर हात टाकला. मॉली ब्रँटचं घर लुटलं गेलं, ती मुलांना घेऊन पश्चिमेकडच्या नातेवाइकांकडे पळाली. या लुटीत हान येरीचा पुढाकार होता असं सांगितलं जातं. त्याच्या चाहत्यांना हा भाग नकोसा वाटतो, म्हणून तो सहसा दोन ओळींत उरकतात. पण या युद्धाची खरी गोष्ट इथेच आहे असं मला वाटतं. शेकडो वर्षं एका सभेत बसलेली माणसं एकमेकांच्या कणग्या उघडत होती, आणि कोणाचं धान्य कुठे आहे हे त्यांना शोधावं लागत नव्हतं.

ओनायडा आणखी कुठे लढले?

बऱ्याच ठिकाणी. १७७७ च्या शरदात साराटोगाला अमेरिकी जनरल गेट्सच्या फौजेत दीडशेच्या आसपास ओनायडा आणि टस्करोरा होते: टेहळणी, कैदी पकडणं, पळपुट्या शत्रूसैनिकांना अडवणं. तिथे हरलेला इंग्रज सेनापती बर्गॉइन याच्या शरणागतीच्या चित्रात ते सहसा दिसत नाहीत.

मे १७७८ मध्ये पन्नासेक जण व्हॅली फोर्जला वॉशिंग्टनच्या छावणीत पोचले. २० मे रोजी बॅरन हिलला अमेरिकेच्या बाजूनं लढणाऱ्या फ्रेंच सेनानी लाफायेतची तुकडी इंग्रजांच्या कचाट्यात सापडली, तेव्हा पिछाडी सांभाळणाऱ्यांत हे होते. त्यांच्या आरोळ्यांनी इंग्रज घोडेस्वारांचे घोडे बुजले अशी हकीकत आहे. त्यांचे काही जण तिथेच पडले.

युद्धाच्या अखेरीस, ऑक्टोबर १७८१ मध्ये, विलेटबरोबर जॉन्सटाउनच्या लढाईत आणि नंतर वेस्ट कॅनडा क्रीकच्या पाठलागात ओनायडा होते. त्या पाठलागात इंग्रजनिष्ठ वॉल्टर बटलर मारला गेला.

व्हॅली फोर्जला मका नेणारी पॉली कूपर याच गोष्टीतली का?

हो, पण हान येरीच्या घरची नव्हे. ओनायडांच्या तोंडी परंपरेनुसार स्केनांडोआ या नेत्याच्या पुढाकारानं उपाशी सैन्यासाठी मका गेला, आणि पॉली कूपरनं सैनिकांना तो शिजवायला शिकवलं. हा पांढरा मका राखेच्या पाण्यात उकडून, साल काढून खायचा असतो, तसाच चावला तर पोट बिघडतं. तिनं पैसे नाकारले, तेव्हा मार्था वॉशिंग्टननं शाल दिली म्हणतात. ती शाल ओनायडांनी आजवर जपून ठेवली आहे. कागदपत्रांत तारखा नीट जुळत नाहीत म्हणून काही अभ्यासक कुरकुरतात. वॉशिंग्टन शहरातल्या अमेरिकन इंडियन संग्रहालयात स्केनांडोआ, पॉली कूपर आणि वॉशिंग्टन यांचा एकत्र पुतळा आहे.

त्याला सैन्यात हुद्दा मिळाला होता का?

मिळाला. जून १७७९ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधिसभेनं, ओनायडा आणि त्यांच्या साथीदारांपैकी दहा-बारा जणांना सनदा दिल्या, त्यात हान येरी कॅप्टन झाला. सगळ्यात वरचा हुद्दा, लेफ्टनंट कर्नल, लुई कुकला मिळाला. त्याचे वडील आफ्रिकी, आई अबेनाकी, आणि तो वाढला कानावाके इथल्या मोहॉकांमध्ये. ओनायडा याच्यामागेही निघत, कारण वर म्हटल्याप्रमाणे नेतृत्व विश्वासावर चाले.

१७७९ मध्ये सेनेकांनी त्याला पकडून मारलं ना?

नाही. हा घोटाळा जुना आहे. त्या वर्षी अमेरिकी जनरल सलिव्हनच्या फौजेनं सेनेका आणि कयुगांची गावं पद्धतशीर जाळत नेली. सप्टेंबरात लेफ्टनंट थॉमस बॉइडची टेहळणी तुकडी जेनेसी भागात कोंडीत सापडली आणि तिच्याबरोबरचा ओनायडा वाटाड्या मारला गेला. तो हान योस्ट. तेव्हाच्या सैनिकांनी आपल्या रोजनिशीत त्याचं नाव कानावर पडेल तसं लिहिलं, कुठे ‘हान येरी’ही, आणि पुढच्या लेखकांनी दोघांना एक केलं. आपला हान येरी युद्धानंतरही होता, १७९४ च्या सुमारास वारला असं मानलं जातं.

युद्धात बाकीच्या ओनायडांचं काय झालं?

१७८० हे त्यांचं सगळ्यात वाईट वर्ष. सुरुवातीला स्केनांडोआ, गुड पीटर आणि दोन मोहॉक समेटाची बोलणी करायला नायगाराला गेले. इंग्रजांनी त्यांना कोठडीत टाकलं, त्यात मोहॉक नेता लिटल एब्राहम मेला. उन्हाळ्यात जोसेफ ब्रँटनं ओनायडांचं मुख्य गाव कानोनवालोहाले जाळलं, चर्चसकट. काही ओनायडा दबावाखाली नायगाराला गेले. बाकीचे शेकडो जण स्केनेक्टडीला निर्वासित म्हणून राहिले. तिथे खोपट्यांत, अपुऱ्या कपड्यांत, आजारात त्यांचे हिवाळे गेले. काँग्रेसकडे विनंत्या जात होत्या, खुद्द काँग्रेसची तिजोरी रिकामी होती.

अमेरिकेनं त्यांना काय दिलं?

आधी कागद दिला. १७८४ च्या फोर्ट स्टॅनविक्स तहात लिहिलं गेलं की ओनायडा आणि टस्करोरा ज्या जमिनीवर आहेत ती त्यांच्याकडे सुरक्षित राहील. चारच वर्षांत, १७८८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यानं गव्हर्नर क्लिंटनच्या काळात त्यांच्याकडून ५० लाखांहून अधिक एकर लिहून घेतले आणि त्यांच्यासाठी दोन-तीन लाख एकरांचा तुकडा राखला.

डिसेंबर १७९४ मध्ये संघराज्य सरकारनं वेगळा तह करून युद्धातल्या नुकसानीबद्दल ५,००० डॉलर, जळालेल्या चर्चसाठी १,००० डॉलर आणि धान्य दळायची व लाकूड कापायची गिरणी मान्य केली. जाळपोळीला तेव्हा चौदा-सतरा वर्षं उलटली होती. नोव्हेंबर १७९४ च्या कॅनंडेग्वा तहात सहा राष्ट्रांसाठी वर्षाला ४,५०० डॉलरची तरतूद झाली. त्यातलं कापड आजही दरवर्षी पाठवलं जातं. १७९५ मध्ये राज्यानं केंद्राच्या परवानगीशिवाय आणखी १,००,००० एकर घेतले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा व्यवहार बेकायदा ठरवला, आणि २००५ मध्ये त्याच न्यायालयानं, परत विकत घेतलेल्या जमिनीवर जुनं सार्वभौमत्व आता सांगता येणार नाही, असंही म्हटलं. त्याआधीच, १९२० पर्यंत, न्यूयॉर्कमध्ये ओनायडांच्या हाती अवघे ३२ एकर उरले होते.

लढवय्यांनी चुकीची बाजू निवडली का, असं पुढे नेहमी विचारतात. इंग्रजांकडून लढलेल्या सेनेकांचीही जमीन गेलीच, मोहॉकांना तर खोरंच सोडून कॅनडात जावं लागलं. तेव्हा ‘बरोबर बाजू’ अशी काही शिल्लक होती, असं मला दिसत नाही.

त्याचे वंशज आहेत का?

डॉक्स्टेटर आडनाव ओनायडांमध्ये आजही सर्रास आढळतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बरेच ओनायडा विस्कॉन्सिनमध्ये ग्रीन बेजवळ आणि काही ओंटॅरिओत थेम्स नदीकाठी गेले, म्हणून आज ओनायडांचे तीन स्वतंत्र समाज आहेत.

प्रत्यक्ष जागा पाहायच्या असतील तर?

न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्क शहरात राहत असाल तर गाडीनं साधारण चार तास. रोम या गावात फोर्ट स्टॅनविक्स पुन्हा उभारला आहे. तिथून थोड्या अंतरावर, युटिकाच्या वाटेवर, ओरिस्कनीचं रणक्षेत्र आणि १८८४ चा दगडी स्तंभ. आधी रणक्षेत्र पाहा, मग किल्ला. घळीच्या काठावर उभं राहिलं की हर्किमरला का थांबायचं होतं ते लगेच कळतं.

आणखी माहिती शोधताना काय लक्षात ठेवावं?

नाव नाना तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं: हान येरी, होनयेरी, हान्सयुरी, कुठे नुसतं कॅप्टन डॉक्स्टेटर. एका रूपानं काही मिळालं नाही तर दुसरं वापरा. १७७९ च्या रोजनिशीत ‘हान येरी’ दिसला तर तो बहुधा हान योस्ट आहे, हे आधी तपासा. आणि ‘डॉक्स्टेटर’ दिसला म्हणून तो ओनायडाच असेल असं समजू नका: त्याच आडनावाचे जर्मन शेतकरी खोऱ्यात होते, आणि त्यांच्यातला जॉन डॉक्स्टेडर तर इंग्रजांच्या बाजूनं लढत होता.